वांद्याचा फेरफार

वर्धा जिल्ह्यातील जुन्या आमरायांत, मोहाच्या खोडांवर, आणि क्वचित शेताच्या धुऱ्यावरील बाभळीच्या अंगावरही, वैशाखाचे ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात पोहोचले असता, म्हणजे भुईवरचे बहुतेक तृण करपून गेलेले असते नेमक्या त्याच दिवसांत, चामड्यासारख्या चिवट पानांचे जे ऑर्किड फुलते, त्यास वनस्पतिशास्त्रात वांदा टेसेलाटा असे नाव आहे. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश आणि ब्रह्मदेश एवढ्या विस्तीर्ण मुलखात ते आढळते, तेव्हा ते दुर्मिळ आहे असे म्हणण्याची सोय नाही. त्याचे फूल दीड-दोन इंचांचे. पाचही दले पिवळसर हिरवी, त्यांवर तपकिरी रेषांची चौकडी, पाठीकडून पांढरट. आणि मध्यभागी पुढे आलेला ओष्ठ कोठे जांभळा, कोठे निळा, कोठे गुलाबी. सुगंध असा की, फूल दिसण्यापूर्वी त्याची वर्दी पोहोचावी. परंतु या सर्वसामान्य जातीतच काही झाडे अशी निघतात की त्यांच्या दलांवर चौकडी उमटतच नाही, किंवा ती इतकी दाट उमटते की सारे फूल विटकरी दिसते. आणि अशा झाडांस स्वतंत्र नाव द्यावे की देऊ नये, हा प्रश्न शौकीन आणि शास्त्रज्ञ यांच्यामध्ये गेली दीडशेहून अधिक वर्षे पडून आहे.

तो प्रश्न सिंदी (मेघे) येथील एका ओसरीवर माझ्या देखत पुन्हा चर्चेस निघाला. घराचे धनी वर्ध्याच्या न्यायालयात उभी हयात घालवून निवृत्त झालेले वकील; पाहुणे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून तितकेच निवृत्त झालेले प्राध्यापक. वर्धा शहराला खेटलेल्या या वस्तीत नवीन ले-आउट पडताना एक जुना आंबा तोडला गेला. त्याच्या फांदीवरचा वांदा तोडणाऱ्या मजुराच्या लेखी कचराच होता. “हे त बांडगूळ हाय साहेब, झाडाले खाते,” असे म्हणून तो फेकून देण्याच्या बेतात असताना वकीलसाहेबांनी ठेकेदाराकडून ती फांदीच विकत घेतली, आणि आता त्या फांदीवर आलेला फुलोरा पाहून त्यांची खात्री झाली होती की आपल्या हाती एक अलभ्य वस्तू लागली आहे.

वकीलसाहेब : सर, आधी फूल पाहा आणि मग वाद घाला. आमच्या या पंचक्रोशीतील यच्चयावत वांद्यांच्या दलांवर चौकडी आहे. याच्यावर एक रेषही नाही. निव्वळ फिकट पिवळा पट. याला जर तुम्ही निराळे नाव देणार नसाल, तर तुमच्या शास्त्राच्या दप्तरात नोंद तरी कशाची होते?

प्राध्यापक : दप्तरात नोंद जातीची होते, वकीलसाहेब. एकाच आईबापांची मुले एक गोरे, एक सावळे निघते, म्हणून आपण त्यांची आडनावे बदलत नाही.

वकीलसाहेब : परंतु महसूल खाते बदलते! सिंदी नावाची दोन गावे या एकाच जिल्ह्यात आहेत. एक सेलू तालुक्यातले, त्यास सिंदी (रेल्वे) म्हणतात. दुसरे हे आमचे, सिंदी (मेघे). सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), असे कंस आमच्या कागदोपत्री ठायी ठायी आहेत. कंसातील तो एक शब्द गाळला तर समन्स भलत्याच गावी जाते आणि पक्षकार गैरहजर ठरतो. मला या फुलासाठी एवढा एक कंस पाहिजे. त्याहून अधिक माझी मागणी नाही.

प्राध्यापक : दृष्टांत चांगला आहे, पण तो तुमच्यावरच उलटतो. दोन सिंदी या मुळातच दोन निरनिराळ्या जागा आहेत; त्यांच्या सीमा आहेत, नकाशे आहेत. तुमच्या फुलाची सीमा कोठे आहे? चौकडी असलेले आणि नसलेले अशा दोन टोकांमध्ये, थोडी असलेली, पुसट असलेली, केवळ कडेला असलेली अशी झाडे सलग मिळत जातात. मोजणीदाराला तेथे दगड रोवता येत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील उद्यानतज्ज्ञांनी हा उद्योग करून पाहिला. याच वांद्याच्या निरनिराळ्या रंगांच्या रोपांना त्यांनी प्रकारनामे दिली, त्यांत तुमच्यासारख्या एकरंगी फुलाकरिता ‘युनिकलर’ हेही एक होते. आज ती सगळी नावे मूळ नावाखालच्या समानार्थी यादीत जमा झाली आहेत.

वकीलसाहेबांचा चेहरा यावर किंचित उतरला. आपण शोधलेली वस्तू आधीच कोणी शोधून, नाव देऊन, ते नाव रद्दही होऊन गेले आहे, हे कळणे कोणत्याही शौकिनाला सुखाचे नसते. पण ज्यांचे आयुष्य उलटतपासणीत गेले आहे ते एका हुकुमनाम्याने गप्प बसत नाहीत.

वकीलसाहेब : नाव रद्द झाले ते कोणत्या पुराव्यावर? वाळवलेल्या नमुन्यांच्याच ना? तुमच्या त्या शुष्क वनस्पतिसंग्रहात कागदावर दाबून ठेवलेले ऑर्किड मी पाहिले आहे. सगळी फुले एकजात तपकिरी. रंग गेला, गंध गेला, ओष्ठाचा बाक गेला. रंगाच्या खटल्यात ज्या साक्षीदाराला रंगच आठवत नाही त्याची साक्ष तुम्ही ग्राह्य धरता, आणि जिवंत फुलाला मात्र पिंजऱ्यात उभे करता.

प्राध्यापक : हा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो नवाही नाही. विल्यम रॉक्सबर्ग यांनी 1795 मध्ये कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात या झाडाचे पहिले शास्त्रीय वर्णन छापले, तेव्हा त्यास एपिडेंड्रम टेसेलाटम म्हटले होते. टेसेलाटम म्हणजे चौकडीचे. सुकलेला नमुना पुरत नाही हे जाणून त्यांनी हिंदी चित्रकारांकडून वनस्पतींची अडीच हजारांहून अधिक रंगीत चित्रे काढवून घेतली. त्याच सुमारास कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी वांदा हे देशी नाव लेखांकित केले, आणि 1820 मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी त्यावरून वंशाचे नाव कायम केले. म्हणजे ज्या वंशाच्या जाती आज सिंगापूरपासून हवाईपर्यंतच्या रोपवाटिकांत विकल्या जातात, त्या वंशाचे नाव ज्यावर ठरले ते झाड हेच, तुमच्या फांदीवरचे.

वकीलसाहेब : मग अशा झाडाच्या फेरफाराची नोंद घेण्यात कसूर का?

प्राध्यापक : कसूर नाही, सबूर. आधी तुमच्या मालाची तपासणी करू. हे फूल उमलून किती दिवस झाले?

वकीलसाहेब : खालची दोन काल परवा, वरच्या कळ्या अजून मिटलेल्या आहेत.

प्राध्यापक : येथेच निम्मे खटले निकालात निघतात. नुकत्या उमललेल्या वांद्याचा रंग पुष्कळदा हिरवट आणि कच्चा असतो; तो भरायला काही दिवस लागतात, आणि पुढे फूल जुने झाले की पुन्हा विटतो. झाड कडक उन्हात वाढले की सावलीत, थंडीत अवेळी फुलले की उन्हाळ्यात, यानेही छटा पालटते. तुमची फांदी आंब्याच्या शेंड्यावरून उतरून या ओसरीच्या सावलीत आली आहे. झाडाला तो स्थलांतराचा धक्काच आहे. शिवाय तुम्ही मला पाठवलेले छायाचित्र सायंकाळच्या पिवळ्या उजेडात घेतलेले होते. तशा उजेडात आमच्या घराची पांढरी भिंतसुद्धा नवीन प्रकार ठरेल.

वकीलसाहेब : म्हणजे फूल साक्षीला अपात्र?

प्राध्यापक : एकटे फूल अपुरे. मुळ्या पाहू द्या.

आणि प्राध्यापकांनी फांदीच्या सालीवर पसरलेल्या जाड, पांढरट, दोरखंडासारख्या मुळ्या उजेडाकडे वळवल्या. या मुळ्यांचा पांढरेपणा म्हणजे मृत पेशींचे एक सच्छिद्र आवरण असून ते हवेतील दमटपणा आणि पावसाचे थेंब शोषून घेते. मुळ्या आंब्याच्या सालीला केवळ मिठी मारतात, आत शिरून त्याचा रस ओढीत नाहीत. बांडगुळाची मुळे मात्र यजमानाच्या अंगात खरोखर शिरलेली असतात. या एका भेदाचे अज्ञान आमच्या भागातील वांद्यांना कुऱ्हाडीइतकेच भोवले आहे, हे येथे नमूद करणे मला अगत्याचे वाटते. कारण ‘झाड साफ करण्याच्या’ नावाखाली दोघांचीही सरसकट कत्तल होते. वाढत्या मुळीचे टोक तेवढे आवरणाबाहेर उघडे असते, आणि प्राध्यापक न्याहाळीत होते ते तेच.

प्राध्यापक : हे पाहा, टोकाला जांभळट झाक आहे. फुलातील जांभळा, तांबडा आणि निळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्याचा. तोच पिवळ्या-हिरव्या पटावर चढला की आपल्याला तपकिरी दिसतो. चौकडी म्हणतात ती हीच. ज्या झाडाच्या अंगी हे द्रव्य तयारच होत नाही त्याला शौकीन लोक ‘आल्बा’ म्हणतात. तशा झाडाच्या मुळीचे टोक सामान्यतः निखळ हिरवे असते आणि ओष्ठावरही जांभळ्याचा अंश नसतो. तुमच्या फुलाचा ओष्ठ मात्र चांगला जांभळा आहे. तेव्हा हे आल्बा नव्हे, एवढा निकाल आजच देता येतो. आणि एक सांगून ठेवतो, वांदा टेसेलाटाचा खरा आल्बा पांढराशुभ्र नसेलच. पट पिवळसर हिरवा आणि ओष्ठ पांढरा, असे ते फूल दिसेल. केवळ पांढरे फूल शोधणाऱ्याच्या हातून ते निसटून जाण्याचाच संभव अधिक.

वकीलसाहेब : आल्बा नसेल, पण काहीतरी आहे खास! कॅटलेया लेबिआटा या ब्राझीलच्या ऑर्किडविषयी मी वाचले आहे. 1818 मध्ये इंग्लंडात ते पोहोचले आणि श्रीमंतांना त्याचे वेड लागले. त्यात पांढरी दले आणि रंगीत ओष्ठ असलेल्या झाडांना ‘सेमी-आल्बा’ म्हणून वेगळे नाव आहे, निळसर असतील तर ‘सेरुलिया’. तेथे चालते, ते वर्ध्याला का चालू नये?

प्राध्यापक : तेथे ती बागेतील नावे आहेत आणि बागेत ती चालावीत. परंतु त्याच कॅटलेयांच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या आरंभी एक मौज उघडकीस आली. दोन शुद्ध पांढऱ्या फुलांचा संकर केला आणि संतती निघाली जांभळी! कारण एका झाडात रंग तयार होण्याची एक पायरी मोडलेली होती, दुसऱ्यात दुसरी; संततीत दोन्ही पायऱ्या पुन्हा जुळल्या. म्हणजे डोळ्यांना तंतोतंत एक दिसणारी दोन फुले मुळात वेगळ्या कारणांनी पांढरी होती. दिसण्यावरून एक नाव देणारा शौकीन तेथे फसला असता. मी नामकरणाच्या विरुद्ध नाही. दिसले की नाव, या घाईच्या विरुद्ध आहे.

वकीलसाहेब : घाई म्हणाल तर जपानी लोकांना कोणी घाईखोर म्हणणार नाही. तेथील फूरान हे चिमुकले पांढरे ऑर्किड...

प्राध्यापक : जे अलीकडच्या वर्गीकरणाप्रमाणे वांदा वंशातच मोडते. तुमच्या फांदीचा दूरचा भाऊबंद.

वकीलसाहेब : असे का? मग तर माझा पक्ष अधिकच बळकट. एदो काळातील सरदार त्याची निवडक झाडे बाळगीत आणि आजही त्यांची जी श्रेणीवार यादी निघते ती कुस्तीगिरांच्या श्रेणीपत्रकाच्या धर्तीवर छापतात. त्यांची पारखही पाहा! फुलावर ते भिस्त ठेवीत नाहीत. पान किती आखूड, किती वळलेले, त्यावर पांढरे-पिवळे पट्टे कोठून उगम पावतात, मुळीचे टोक हिरवे की माणकासारखे लाल, आणि पान जेथे खोडाला जुळते त्या सांध्याची रेषा सरळ, कमानदार की लाटेसारखी; वर्षातील बाराही महिने तपासता येतील अशा खुणा. जातीची नव्हे, एकेका झाडाच्या घराण्याची ओळख. त्या समाजाने शे-दोनशे वर्षे एका जातीतले बारकावे पाहिले. आपण आपल्या आमराईत उभे राहून त्यास बांडगूळ म्हणतो.

यावर प्राध्यापक काही क्षण निरुत्तर झाले. माझ्या मते या संपूर्ण संभाषणात वकीलसाहेबांचा सर्वांत प्रबळ युक्तिवाद हाच होता. भेद पाहण्याची सवय शास्त्रज्ञांपेक्षा शौकिनांनी अधिक जोपासलेली आहे, आणि ज्याला भेद दिसत नाहीत त्याच्या हातून त्यांचे रक्षण होण्याची आशा व्यर्थ आहे.

प्राध्यापक : पारखीला माझा नमस्कार. परंतु तुम्ही सांगितलेल्या परंपरेचे वर्म लक्षात घ्या. नामांकित झाडाचे फुटवे वेगळे करून वाढवतात, म्हणून पन्नास वर्षांनंतरही ते तेच झाड राहते. बियांपासून ती हमी नसते. ऑर्किडची बी म्हणजे धूळ. तिच्यात अन्नाचा साठा नाही, निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळेल तेव्हाच ती रुजते. 1922 मध्ये लुईस नडसन यांनी बुरशीवाचून, साखरेच्या पोषक माध्यमावर काचपात्रात बी रुजवून दाखवले तेव्हा कोठे बागाईतदारांचा मार्ग मोकळा झाला. तुमच्या वांद्याची शेंग तुम्ही रुजवलीत तर फूल दिसायला काही वर्षे थांबावे लागेल, आणि त्यांतील किती रोपे बिनचौकडीची निघतील ते आज कोणीही सांगू शकणार नाही. तेव्हा नाव द्यायचेच असेल तर ते या एका झाडाला आणि त्याच्या फुटव्यांना द्या. ते उद्यानशास्त्राच्या नियमांत बसते. ‘प्रकार’ म्हणून जाहीर करू नका.

वकीलसाहेब : प्रकार आणि झाड यांत एवढा तंटा कशासाठी?

प्राध्यापक : कारण नावाला बाजारभाव असतो. 1850 मध्ये जोसेफ हूकर यांनी खासी टेकड्यांतून निळ्या वांद्याची, वांदा सेरुलियाची, सात माणसांची ओझी भरून क्यू येथील उद्यानासाठी रवाना केली. त्यांतील फार थोडी झाडे जिवंत पोहोचली. त्यानंतर व्यापाऱ्यांनी त्या टेकड्या असे काही धुंडाळल्या की पुढे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात ते झाड सर्वांत कडक परिशिष्टात घालावे लागले, आणि 2005 मध्ये कोठे ते दुसऱ्या परिशिष्टात उतरले. सारी ऑर्किडे आजही त्या कराराच्या कक्षेत आहेत. उद्या ‘वर्ध्याचा बिनचौकडीचा दुर्मिळ वांदा’ म्हणून तुम्ही डांगोरा पिटलात, तर बोर अभयारण्याच्या वाटेवरील मोहांवर शिड्या लागतील, आणि चौकडी आहे की नाही हे पाहण्याइतकीही उसंत कोणी घेणार नाही. बिनफुलाचा वांदा दुसऱ्या बिनफुलाच्या वांद्यासारखाच दिसतो. म्हणून सगळेच उतरवले जातील.

वकीलसाहेब : आणि वैद्यमंडळी? रास्ना म्हणून ती याच्या मुळ्या नेतात म्हणतात.

प्राध्यापक : बंगालकडे नेतात. दक्षिणेत रास्ना म्हणून कुलिंजन चालते. सरकारी आयुर्वेदीय औषधिकोशाने मात्र प्लूचिया नावाच्या वेगळ्याच झुडपाला मान्यता दिली आहे. तेथे एका कुळाऐवजी दुसरेच कूळ पोटात जाते. ओळख चुकली तर रोग्याला भोवते. त्या मानाने तुमची आमची चौकडीची तक्रार फावल्या वेळेची आहे.

वकीलसाहेब : फावला वेळ माझ्याजवळ विपुल आहे. बरे, पुराव्याची यादी सांगा; मी ती पुरी करतो.

प्राध्यापकांनी मग जी यादी सांगितली ती मी तेथेच उतरून घेतली. हेच झाड लागोपाठ दोन-तीन उन्हाळे, एकाच जागी ठेवून, फुलोरा पूर्ण उमलल्यावर पाहावे. फुलाशेजारी कोरा पांढरा कागद धरून सावलीत, भर दिवसा छायाचित्र घ्यावे. ओष्ठाचा रंग, दलांची पाठ, मुळीचे टोक आणि सुगंध यांची टिपणे निरनिराळी ठेवावीत. आणि, ज्याकडे वकीलसाहेबांचे मुळीच लक्ष गेले नव्हते, याच परिसरातील चौकडीच्या सर्वसामान्य वांद्यांचेही असेच टिपण करावे; कारण नेहमीचे फूल किती फिके आणि किती गडद असू शकते हे ठाऊक नसताना अमुक एक फूल अपवाद आहे असे म्हणणे म्हणजे गावची सरासरी न पाहताच आणेवारी लावणे होय.

वकीलसाहेब : म्हणजे एका अपवादासाठी सगळ्या गावाचा पाहणीतक्ता करायचा?

प्राध्यापक : तसा तक्ता या तालुक्याचा कोणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. सांतापाव आणि कपाडिया यांनी 1966 मध्ये मुंबई इलाख्याच्या ऑर्किडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याआधी कुक यांनी त्याच इलाख्याची वनश्री लिहिली. पण आपला वर्धा जिल्हा 1862 पासून मध्यप्रांतात होता. इलाख्याच्या सीमेबरोबर त्यांची लेखणी थांबली. आपल्या आमराया मोजायच्या राहिल्या, आणि आता आमरायाच राहीनाशा झाल्या.

वकीलसाहेबांनी अपील केले नाही. नोंदवहीचे पहिले पान काढून त्यांनी लिहिले: “वांदा टेसेलाटा. मौजा सिंदी (मेघे), तहसील व जिल्हा वर्धा. आंब्याच्या तोडलेल्या फांदीवरून. पट फिका, चौकडी नाही, ओष्ठ जांभळा, मुळीचे टोक जांभळट. आल्बा नव्हे. प्रकार अनिश्चित. पुढील वैशाखात फेरतपासणी.” कंस त्यांना मिळाला, तो गावापुरताच; फुलासाठीचा तहकूब राहिला, आणि माझ्या मते तो तसाच राहणे योग्य होते.

ज्या वाचकांच्या आवारात किंवा शेतात जुना आंबा वा मोह उभा असेल, त्यांनी येत्या उन्हाळ्यात त्याच्या फांद्यांकडे एकदा मान वर करून पाहावे. वांदा फुललेला दिसला तर त्यास झाडावरून काढू नये. यजमानाला त्याचा उपद्रव नाही. पांढरा कागद शेजारी धरून छायाचित्र घ्यावे, गाव आणि तिथी लिहावी, आणि चौकडी असलेल्या फुलांचीही नोंद तितक्याच अगत्याने ठेवावी.